एक धावपट्टी, दोन कायदे

वाकडमधल्या आमच्या गच्चीवरून लोहगाव विमानतळाची धावपट्टी दिसत नाही, पण तिची रेघ डोळ्यांना ठाऊक झाली आहे. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. ती पश्चिमेकडे मनातल्या मनात वाढवत नेली तर दिघी, पिंपरी ओलांडून जवळजवळ आमच्या डोक्यावरून जाते. सकाळी कपडे वाळत घालताना एखादी एअरबस नाक वर करून जाते, चाकं आत गेलेली असतात. आणि कधीतरी त्याच रेघेवरून करड्या रंगाचं, दोन पंख्यांचं, जाड आवाजाचं विमान येतं. त्याची इंजिनं पंखाच्या वर बसवलेली असतात. ते एएन-३२, हवाई दलाचं मालवाहू विमान.

दोन्ही विमानांचं आकाश एक, धावपट्टीही एक. पण पहिल्या विमानाचा प्रत्येक बोल्ट ज्या कायद्याच्या नजरेखाली आहे, त्या कायद्यातलं जवळपास एकही कलम दुसऱ्याला लागू नाही. हा फरक का आहे, दुसऱ्या विमानाकडे मग कोण बघतं आणि ते बघणं पुरेसं आहे का, हा या लेखाचा विषय आहे. पिंपरी-चिंचवडकरांना तो दूरचा वाटू नये. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेलं जे एएन-३२ बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं, त्यात निगडीचा एक तरुण फ्लाइट लेफ्टनंट होता.

फरकाचं मूळ १९४४च्या शिकागो करारात आहे. या कराराने जगभरच्या नागरी विमानवाहतुकीची घडी बसवली आणि तिसऱ्या कलमात लष्कर, कस्टम्स व पोलीस यांची विमानं ‘सरकारी विमानं’ ठरवून बाजूला काढली. अट एकच घातली: या विमानांसाठी नियम करताना प्रत्येक देशाने नागरी विमानांच्या सुरक्षिततेचं भान ठेवावं. आपल्याकडे १९३४च्या विमान कायद्यात सेनादलांची विमानं वगळलेली होती. त्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाला, त्यातही ती बाहेरच राहिली. यात गैर काही नाही. लढाईला निघालेल्या विमानाने नागरी विमानवाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या परवानगीची वाट पाहावी, असं कोणी म्हणणार नाही. पण एका कायद्याच्या बाहेर असणं वेगळं आणि त्या तोलाच्या दुसऱ्या कायद्याच्या आत असणं वेगळं. प्रश्न या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

उड्डाणयोग्यता हा शब्द जड असला तरी गोष्ट साधी आहे. विमानाचा आराखडा सुरक्षित आहे का, विमान त्या आराखड्याबरहुकूम बांधलं का, आणि वीस-तीस वर्षं उडताना ते तसंच ठेवलं का, हे तीन प्रश्न. नागरी क्षेत्रात तिन्हींची उत्तरं कागदावर मिळतात. आराखड्याला डीजीसीएचं टाइप सर्टिफिकेट लागतं, प्रत्येक विमानाला स्वतःचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा ठरावीक मुदतीने फेरआढावा होतो आणि दुरुस्तीनंतर परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. इतकं करूनही अपघात झालाच, तर चौकशी डीजीसीए करत नाही. ती एएआयबी या वेगळ्या संस्थेकडे जाते, आणि अहवाल सर्वांना वाचता येतो. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर कोसळलं. त्यानंतर तीस दिवसांत प्राथमिक अहवाल बाहेर आला आणि चहाच्या टपरीपासून संसदेपर्यंत लोकांनी त्यावर वाद घातला. नागरी व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. ती काय करते आहे हे दिसतं, एवढाच माझा मुद्दा.

लष्करी बाजूला आराखड्याची जबाबदारी सेमिलॅककडे आहे. बंगळुरूला मुख्यालय असलेली ही संस्था १९९५मध्ये उभी राहिली. तिची प्रादेशिक केंद्रं नाशिक, कानपूर, लखनौ, कोरापूट, हैदराबाद अशी, म्हणजे जिथे विमानं बांधणाऱ्या एचएएलचे कारखाने आहेत तिथे बसतात. बांधणीचा दर्जा पाहायचं काम डीजीएक्यूए करतं. कारखान्यातून विमान बाहेर पडताना त्याचा निरीक्षक ‘सिग्नल आउट’चा कागद देतो. या दोन संस्था मिळून तांत्रिक उड्डाणयोग्यतेचं प्राधिकरण होतं. वापरातल्या विमानांची देखभाल मात्र ज्या त्या सेनादलाकडे आहे. हवाई दलात रोजच्या तपासण्यांच्या सह्या ‘फॉर्म ७००’वर होतात आणि मोठी दुरुस्ती बेस रिपेअर डेपोत होते.

या साखळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे. ओझरचा ११ नंबर डेपो लढाऊ विमानं उघडून पुन्हा जोडतो, पुण्यात ९ नंबर आहे. एएन-३२ची मोठी दुरुस्ती होते ती कानपूरच्या १ नंबर डेपोत. या हँगरमधली माणसं अत्यंत कसबी आहेत. सोव्हिएत काळातली यंत्रं, कधी सुट्या भागांविना, त्यांनी चाळीस-चाळीस वर्षं उडती ठेवली. पुढे मी जे लिहिणार आहे ते या माणसांविषयी नाही, त्यांच्या वरच्या चौकटीविषयी आहे.

चौकटीतली अडचण पाहा. सेमिलॅक संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचा भाग आहे, आणि लष्करी विमानांचे व त्यांवर बसणाऱ्या उपकरणांचे आराखडे करणाऱ्या अनेक प्रयोगशाळा डीआरडीओच्याच आहेत. डीजीएक्यूए संरक्षण उत्पादन विभागाखाली येतं, आणि ज्या एचएएलच्या कामावर त्याने नजर ठेवायची, ती एचएएलही त्याच विभागाखाली. विमान उडवणारं, सांभाळणारं आणि अपघातानंतर त्याची चौकशी करणारं दल तर एकच असतं. हे सगळे धागे वर एका मंत्रालयात जाऊन मिळतात. मुलाचा पेपर घरातल्याच काकांनी तपासला तर काका लबाड असतीलच असं नाही. पण निकालावर गावाचा विश्वास बसवायचा असेल तर पेपर बाहेर पाठवावा लागतो.

आपल्या पट्ट्यात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. चाकण-भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयएटीएफ या दर्जाच्या मानकाचं ऑडिट म्हणजे काय ते शॉपफ्लोअरवरच्या पोरालाही माहीत असतं. त्या मानकात स्पष्ट लिहिलं आहे की, जॉबच्या दर्जाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला माल रोखण्याचा आणि लाइन थांबवण्याचा अधिकार हवा. महिनाअखेरीला ट्रक दारात उभा असतो, डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो आणि व्हर्नियर हातात घेतलेला माणूस म्हणतो, ‘हा लॉट जाणार नाही.’ तो प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली असेल तर त्याचं ‘नाही’ किती वेळ टिकेल, हे भोसरीत कोणीही सांगेल. मोटारीच्या ब्रेकच्या भागाला जो न्याय आपण लावतो, तो चाळीस जवान घेऊन हिमालयावरून जाणाऱ्या विमानालाही लागायला हवा.

एएन-३२ची कथा या संपूर्ण प्रश्नाचा धडा आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. १९८४पासून ही विमानं आपल्याकडे येऊ लागली, शंभराहून अधिक आली. आराखडा कीव्हच्या अँतोनोव्हचा, विक्रेता सोव्हिएत संघ. त्यांतलं एक नवं कोरं विमान २५ मार्च १९८६ रोजी मस्कतहून जामनगरला येताना अरबी समुद्रावर सात जणांसह नाहीसं झालं, ते सापडलं नाही. पुढे सोव्हिएत संघ मोडला, कीव्ह युक्रेनमध्ये गेलं आणि आराखड्याचा मालक एका देशात, तर अनेक भागांचे कारखाने दुसऱ्या देशात अशी अवस्था झाली. २००९मध्ये युक्रेनशी करार झाला. काही विमानं तिकडे पाठवायची, उरलेली कानपूरला करायची, आणि विमानांचं आयुष्य २५ वर्षांवरून ४० वर्षांवर न्यायचं. २०१४मध्ये क्रिमिया पेटलं, सुट्या भागांचा पुरवठा अडला. २०२२पासून तर कीव्हवरच क्षेपणास्त्रं पडत आहेत.

नागरी विमानाच्या बाबतीत टाइप सर्टिफिकेटच्या मालकावर कायमची जबाबदारी असते. कुठे भेग सापडली तर जगभरच्या वापरकर्त्यांना कळवायचं, तपासणी सुचवायची, मुदत घालून द्यायची. तो मालकच युद्धात अडकला तर पंधरा वर्षं वाढवलेल्या आयुष्याची हमी कोणाच्या नावावर? धातूचा थकवा राजकारण पाहून थांबत नाही. अशा वेळी देशातच एखादी संस्था अशी लागते जी मूळ कंपनीइतक्या अधिकाराने ‘हे विमान इतकेच तास’ असं म्हणू शकेल आणि जिचं म्हणणं वाहतुकीची निकड असलेल्या सेनादलावरही बंधनकारक राहील. आज ते बळ सेमिलॅक, डीजीएक्यूए, हवाई दलाचं स्वतःचं अभियांत्रिकी खातं आणि एचएएल यांच्यात विखुरलेलं आहे.

आता २०१६ची ती सकाळ. विमानात २९ जण होते. सहा कर्मचारी, हवाई दल, भूदल, नौदल आणि तटरक्षक दलाचे लोक, आणि विशाखापट्टणमच्या नौदल शस्त्रागारातले आठ नागरी कर्मचारी. निगडीचा तरुण या विमानाचा नॅव्हिगेटर होता. जहाजं, विमानं, पाणबुडी अशी मोठी शोधमोहीम झाली, हाती काही लागलं नाही. अवशेष दिसले ते साडेसात वर्षांनी. जानेवारी २०२४मध्ये राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुड्या यंत्राने ३,४०० मीटर खोलीवरचे फोटो आणले आणि ते या एएन-३२चे असल्याचं संरक्षण मंत्रालयाने सांगितलं. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेलं दुसरं एएन-३२ हरवलं, १३ जण होते. ते आठ दिवसांनी अरुणाचलच्या डोंगरात सापडलं, वाचलं कोणी नाही. दोन्ही वेळा विमानातल्या संकट-संदेशाच्या यंत्राकडून शोधपथकांच्या कामी येईल असा संकेत मिळाला नाही.

इथे दोन कायद्यांमधली दरी सगळ्यात जास्त बोचते. मार्च २०१४मध्ये मलेशियाचं एमएच३७० हरवल्यावर जगाने नागरी नियम बदलले. पाण्याखाली आवाज देणाऱ्या बीकनची बॅटरी तीस दिवसांऐवजी नव्वद दिवस चालली पाहिजे असं ठरलं. समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानाची जागा दर पंधरा मिनिटांनी कळली पाहिजे असंही ठरलं. हे बदल कंपन्यांवर बंधनकारक झाले. लष्करी मालवाहू विमानांपर्यंत अशी सुधारणा आपोआप पोचत नाही. कोणीतरी ती मुद्दाम उचलून, पैसे मंजूर करून, ताफ्यावर बसवावी लागते. शत्रूपासून लपायचं विमान आणि बदलीवरच्या लोकांना अंदमानला नेणारं विमान यांच्या गरजा सारख्या नसतात. शांतताकाळात माणसं वाहणाऱ्या विमानाला नागरी पातळीची साधनं द्यायला गोपनीयतेची अडचण मला तरी दिसत नाही.

आणि माणसं वाहणं हेच या विमानांचं निम्मं आयुष्य आहे. रजेवरून परतणारे जवान, पुरात अडकलेली गावं, ऑगस्ट २०२१मध्ये काबूलहून सी-१७मध्ये बसून आलेली कुटुंबं. पंतप्रधानही यातून सुटलेले नाहीत. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी मोरारजी देसाई यांना घेऊन जाणारं हवाई दलाचं टीयू-१२४ जोरहाटजवळ कोसळलं. मोरारजीभाई वाचले, हवाई दलाचे पाच कर्मचारी गेले. प्रवाशाला या विमानांत निवड नसते. तिकीट काढताना तो कंपनी बदलू शकतो, हुकूम आल्यावर विमान बदलू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने पाहणारा डोळा जास्त कडक हवा.

हा प्रश्न फक्त आपला नाही, आणि इतर देशांनी त्याची किंमत रक्तात मोजली आहे. २ सप्टेंबर २००६ रोजी ब्रिटनच्या हवाई दलाचं निमरॉड हे टेहळणी विमान अफगाणिस्तानवर हवेत इंधन भरून घेतल्यानंतर पेटलं. १४ जण मेले. गळलेलं इंधन गरम हवेच्या नळीपर्यंत पोचल्याचं दिसून आलं. त्याआधी या विमानाच्या सुरक्षिततेचा एक भला मोठा दस्तऐवज तयार झाला होता. निर्माती कंपनी, सल्लागार कंपनी आणि मंत्रालय अशा तिघांनी तो हाताळला होता आणि धोका त्यातून निसटला होता. सर चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी ऑक्टोबर २००९मध्ये दिलेल्या अहवालाने कोणाची गय केली नाही. तीस वर्षं विमान नीट उडतं आहे म्हणजे ते सुरक्षितच आहे, या समजुतीने सगळ्यांची नजर बोथट झाली, हा त्याचा गाभा. जबाबदार व्यक्तींची आणि कंपन्यांची नावं घेऊन तो छापला गेला. सहा महिन्यांच्या आत, एप्रिल २०१०मध्ये, ब्रिटनने लष्करी विमानांसाठी स्वतंत्र नियामक उभा केला. प्रत्येक ताफ्यातल्या जिवाच्या धोक्याला एक नाव असलेला अधिकारी जबाबदार ठरवला. अपघातांच्या चौकशीसाठी वेगळी शाखा काढली. तिकडचे अहवाल गोपनीय ओळी झाकून प्रसिद्ध होतात.

अमेरिकेतलं उदाहरण मालवाहू विमानाचंच आहे. १० जुलै २०१७ रोजी मरीन कोअरचं केसी-१३०टी मिसिसिपीच्या शेतांवर हवेत तुटलं, १६ जण गेले. पंख्याच्या एका पात्याला गंज लागला होता, तिथून भेग गेली. ते पातं २०११मध्ये जॉर्जियातल्या हवाई दलाच्या डेपोतून दुरुस्त होऊन आलं होतं. विमान एका दलाचं, दुरुस्ती दुसऱ्या दलाची, आणि मधल्या दारात उभं राहून तपासणारं कोणी पुरेसं जागं नव्हतं. हे आपल्याला कळलं कसं? चौकशीचा अहवाल त्यांनी लोकांपुढे ठेवला म्हणून. डेपोंवर चालणाऱ्या आपल्या ताफ्यालाही त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आपण स्वस्थ बसलो आहोत असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००२पासूनच्या जुन्या कार्यपद्धतीच्या जागी २०२१मध्ये ‘इम्टार-२१’ ही लष्करी तांत्रिक उड्डाणयोग्यतेची नवी नियमावली आली. आराखडा कोणी मंजूर करायचा, उत्पादन संस्थेला मान्यता कशी द्यायची, वापरातल्या विमानाचं पुढे काय, हे तिने जगातल्या आजच्या पद्धतीशी जुळवून लिहिलं. खासगी कारखाने या क्षेत्रात येत असताना ती गरजेचीच होती. हिंदुस्तान-२२८ या छोट्या विमानाचं उदाहरणही उमेद देणारं आहे. एचएएल कानपूरला जे डॉर्नियर सेनादलांसाठी वर्षानुवर्षं बांधत होतं, त्याच्या नागरी अवताराला २०१७मध्ये डीजीसीएने टाइप सर्टिफिकेट दिलं, आणि १२ एप्रिल २०२२ रोजी ते अलायन्स एअरच्या रंगात दिब्रूगडहून पासीघाटला प्रवासी घेऊन गेलं. लष्करी घरात वाढलेलं विमान बाहेरच्या परीक्षेला बसू शकतं आणि उत्तीर्ण होऊ शकतं.

पुढची परीक्षा सी-२९५ या मालवाहू विमानाची. म्हाताऱ्या झालेल्या ॲव्ह्रोंच्या जागी ५६ विमानं घ्यायचा करार सप्टेंबर २०२१मध्ये झाला. सोळा स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार आली, चाळीस वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बांधायची. लष्करी विमान संपूर्णपणे खासगी कारखान्यात जोडलं जाण्याची ही देशातली पहिलीच वेळ. सेव्हिलचीच एक आठवण इथे सांगायला हवी. ९ मे २०१५ रोजी तिथून चाचणीला निघालेलं एअरबसचं ए-४००एम हे मालवाहू विमान काही मिनिटांत पडलं, चार जण गेले. चारपैकी तीन इंजिनांच्या संगणकांतून एक आवश्यक माहिती पुसली गेली होती. या प्रकारच्या विमानाला नागरी आणि लष्करी दोन्ही प्रमाणपत्रं होती. सह्या होत्या म्हणजे चूक होणार नाही, असं नसतं. निरीक्षकांची संख्या, त्यांचं सॉफ्टवेअरचं ज्ञान आणि त्यांच्या हातातला थांबवण्याचा अधिकार तिन्ही वाढवावे लागतात. या विमानांचे भाग उद्या देशभरच्या छोट्या कारखान्यांतून जाणार, त्यात आपल्या एमआयडीसीतले कारखाने असावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. अशा वेळी हीट नंबरपासून शेवटच्या तपासणीपर्यंतचा माग चोख ठेवणारा निरीक्षक हा कारखानदाराचाही मित्रच असतो.

गोपनीयतेचा आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. सियाचीनवर रसद टाकायची असेल तर सेनापती धोका पत्करणार, तो त्याचा हक्क आहे. पण धोका किती हे त्याला सांगणारा माणूस त्याच्या हाताखालचा नसावा आणि सांगितलेलं लेखी असावं. युद्धात किती विमानं तयार आहेत हे झाकावं, पात्यावर गंज होता हे झाकून शत्रूचं काही बिघडत नाही, आपलंच बिघडतं. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४मध्ये आकडे मांडले: २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाच्या ३४ अपघातांपैकी १९ मानवी चुकीमुळे. हे वाचून माझ्यासारख्याच्या मनात लगेच येतं की त्या माणसाला चूक करायला कोणत्या परिस्थितीने भाग पाडलं? थकवा, अपुरं प्रशिक्षण, जुनं उपकरण, कुठल्या तरी हँगरमधली घाई? अहवाल उघड नसेल तर याचं उत्तर फक्त चौकशी करणाऱ्यांनाच माहीत राहतं.

लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि तिच्यावरून रोज हजारो नागरी प्रवासी ये-जा करतात. १५ फेब्रुवारी २०२० रोजी दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-३२१च्या वैमानिकाला धावताना समोर जीप आणि माणूस दिसला. त्याने वेळेआधी नाक उचललं, शेपटीकडचा भाग घासला, विमान दिल्लीला सुखरूप पोचलं. त्या दिवशी दोन्ही व्यवस्था एकमेकींना किती जवळून घासून गेल्या हे पुणेकरांनी पाहिलं. शिकागो करारातलं नागरी विमानांच्या सुरक्षिततेचं ‘भान’ इथे आमच्या दारातच उभं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. सेमिलॅक आणि डीजीएक्यूएचं उड्डाणयोग्यतेचं काम डीआरडीओ आणि संरक्षण उत्पादन विभागातून काढून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे द्यावं. त्याला स्वतःच्या कायद्याचा आधार असावा, विमान जमिनीवर थांबवण्याचा अधिकार असावा आणि त्याने दरवर्षी संसदेला अहवाल द्यावा. अपघातांची चौकशी दलाच्या बाहेरच्या लष्करी शाखेकडे जावी आणि मालवाहू विमानांचे अहवाल, झाकायचं ते झाकून, वर्षभरात प्रसिद्ध व्हावेत. सुरुवात मालवाहू विमानांपासून करावी, कारण त्यांत गुपितं कमी आणि माणसं जास्त असतात.

वाकड मावळ लोकसभा मतदारसंघात येतं, भोसरी शिरूरमध्ये. दोन्हीकडच्या खासदारांना एक पत्र लिहिणं कोणालाही जमेल. त्यात एवढंच विचारावं: २२ जुलै २०१६च्या एएन-३२च्या चौकशीचा अहवाल, गोपनीय भाग वगळून, लोकसभेच्या पटलावर कधी ठेवणार?